तात

दिवाळी सरली की धानोऱ्यात
मदारभाई दिसायच्या आधी ऐकू यायचे.
टुंग्‌. टुंग्‌. वेशीपासून.
तात छेडत चालायचं, हीच त्यांची आरोळी.

ओसरीवर गादी उसवली जायची.
वर्षभर अंगाखाली निजून ढेकूळ झालेला कापूस.
तातेवर दस्ता बसला
की आधी त्याला शहारा,
मग तो फुगू लागायचा.
चुकून राहिलेल्या दोन सरक्या मी नजरेत धरून ठेवायचे:
एकीपासून दुसरी चार बोटं.
मग वीत. मग हात.
चाललं तर कुणीच नव्हतं.
सरकी होती तेवढीच राहिली,
मधला कापूस वाढला.

"थांब," मदारभाई दस्ता वर धरून म्हणायचे,
"नदीपल्याड टोलीत चांद पिंजते पाय. माहा भाऊ."
मला पाणबुड्याचाही आवाज यायचा नाही.
"ठोक त्याचा मले ठाऊक हाय,
किती जोरानं मारते थे ठाऊक हाय.
किती बारीक होऊन आला, तेवढं मोज.
झालं तुहं अंतर."

आता मी त्याच गावात आठवीला विज्ञान शिकवते.
फळ्यावर 'विद्युतचुंबकीय' लिहिताना
च वर खडू मोडतो, दरवर्षी.
सांगते: उजेड कापसातून चालत येतो.
वाट ताणली जाते, तशी तिच्यावरची लाटही.
निघतो निळा, पोचतो तांबडा,
आणि त्या तांबडेपणातच नोंद असते
निघाल्यापासून जग किती पट झालं त्याची.

दुसरी खबर कापसातून येत नाही.
कापूसच थरथरतो.

दोन विझलेले तारे एकमेकांभोवती घिरट्या घालत आदळले.
थरथर पोचली, अणूच्या गाभ्याहूनही बारीक,
तिच्या मागून पावणेदोन सेकंदांनी उजेड.
तेरा कोटी वर्षांची वाट, आणि पावणेदोन सेकंद!
मानव विकासची निळी बस
कारंज्याहून इथवर यायला
दीड तास उशीर करते.

थरथर किती मंद, त्यावरून अंतर.
उजेड किती तांबडा, त्यावरून ताण.
दोन्ही एका कागदावर मांडा,
जग किती वेगानं पिंजलं जातंय ते निघतं.
हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा
मदारभाईंना सांगायला गेले होते.
ते खाटेवर होते, दोन्ही कान गेलेले.
मी त्यांच्या तळहातावर बोटानं ठोकलं.
एकदा, मग हळू, मग त्याहून हळू.
म्हणाले, "चांद?"

कमान आता प्रयोगशाळेत खिळ्याला टांगली आहे.
गाद्या मशीनवर भरून येतात, प्लास्टिकच्या पिशवीत.

काल शेवटच्या तासाला पल्लवी आत्राम उभी राहिली.
"मॅडम, मंग आपुन बी ताणल्या जातो का?"
नाही, म्हटलं.
आपण सरकी.

तिला ते पटलं नाही.
तिनं कमानीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
अजून काही विचारणार होती,
पण बाहेर बस आली.