हाताची उलटी बाजू

मशीन्स लॅबमधली सात नंबरची मोटर
गुरुवारी दुपारी सुरूच होईना.
नुसती हुंकारत राहिली,
गोठ्यात पाऊल वाजलं की म्हैस हुंकारते
आणि उठत मात्र नाही, तशी.

मी फळ्याशी होते.
दोन चुंबकी क्षेत्रं, सारखीच बळकट,
एक सुलट फिरतं, एक उलट,
म्हणून जागच्या जागी थरथर, बळ शून्य.
शून्याभोवती मी चौकोन काढला,
खडू झटकला.
माझ्यामागे मोटर तापत होती.

"मॅडम, बंद करा आधी. एक फेज गेलाय."
अल्फिया मुजावर. तीन महिन्यांत
हजेरीच्या 'यस मॅडम'पलीकडे
मी तिचा आवाज ऐकला नव्हता.
"थांबा, मी बघतो की," म्हणाली.
आमच्याकडच्या पोरी स्वतःला करतो-बघतोच म्हणतात;
पुण्याहून आलेले परीक्षक दरवर्षी दचकतात.

स्विच पाडला तिनं. मग मोटरीजवळ जाऊन
हात उलटा केला,
आणि बोटांची पाठ, फक्त पाठ,
टेकवली तापल्या लोखंडाला.

"बंद असली तरी असंच. तळहात लावायचा नाही.
करंट असला तर मूठ मिटते,
मग मशीनच धरून ठेवतं आपल्याला.
उलट्या हातानं लावलं
की हात आपसूक लांब येतो."

कुणी शिकवलं?
"अब्बांनी. त्यांना उस्तादांनी.
उस्तादांचा तळवा बघितलाय मी,
रेषाच नव्हत्या त्याला."

किटकॅट उपसला. आतली तार वितळून
मुंगीच्या डोक्याएवढा थेंब झालेली.

उद्यमनगरात, लेथच्या दोन गाळ्यांमधल्या बोळात
दस्तगीर मुजावर मोटरी भरतात.
मी गेले एकदा, घरचा पंप घेऊन.
वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं,
आणि एक वही, तेलानं पारदर्शक झालेली:
छत्तीस खाचे, चार पोल, तीन-तीनचा जोड.
माझं पुस्तक याच गोष्टीला अडीच पानं घेतं.
मी हे बोलले नाही. ते म्हणाले,
"मॅडम, पोरीला ते गणित शिकवा तेवढं.
मला का ते माहीत नाही, कसं तेवढं येतं."
आणि पंपाला हिरवी वायर जोडताना,
"अर्थ नीट लागलेला असला
की माणूस मरत नाही बघा."

त्या वाक्यावर मी केएमटीच्या बसमध्ये
कळंब्यापर्यंत हसत गेले,
आणि घरी पोचेतो हसू गेलं होतं.

तोंडी परीक्षेत अल्फियाला स्लिपचं सूत्र आठवलं नाही.
पंचवीसपैकी चौदा.
परीक्षकांनी विचारलं नाही
तापलेल्या मशीनला हात कसा लावतात,
आणि मीही सुचवलं नाही. चहा आला होता,
त्यांना साडेपाचची गाडी गाठायची होती.
हे मला अजून टोचतं.

मी तासिका तत्त्वावर. आठवं वर्ष.
जूनमध्ये अर्ज, एप्रिलमध्ये निरोप,
मधल्या सुट्ट्यांचा पगार नाही.
एक क्षेत्र म्हणतं सोड, एक म्हणतं थांब,
दोन्ही सारखीच बळकट.
अशा मोटरीला हातानं जरासं ढकललं
तर ती फिरते म्हणे,
ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला.

परवा रात्री लेकाला ताप होता.
अंधारात त्याच्या कपाळाकडे हात नेला
तेव्हा लक्षात आलं,
मी बोटांची पाठ टेकवलीय.
आईही अशीच टेकवायची.
तिला वीज म्हणजे फक्त बिल माहीत होतं.

आता नव्या बॅचचं पहिलं प्रॅक्टिकल
मी फळ्यापासून सुरू करत नाही.
हात वर करा, म्हणते. आता उलटे करा.
साठ हात, तळवे स्वतःकडे,
काही पोरं खुदखुदतात,
एखादी आपल्या उडालेल्या मेंदीकडे बघते.
हे कुठल्याच युनिटमध्ये नाही.
एक मिनिट लागतं.
महिन्याअखेर तासांचा हिशेब भरताना
ते एक मिनिट मी धरत नाही.