पाणी कुठे मुरतंय

मोजून सतरा फूट बाय अकरा.
गाडीची लांबी बारा फूट सात इंच,
उरलेलं आमच्या हौसेचं.

शब्बीर पिंजारीने दोरी ताणली, म्हणाला,
"काकू, सदाफुली ठेवायची का कोपऱ्यात?"
यांनी वर न बघता सांगितलं, सगळं एका लेव्हलमध्ये घे.
मी आत चहा टाकत होते.
मी काही बोलले नाही, हेही लिहून ठेवते.

तीन घरांच्या फोडण्या पुरवणारा कढीपत्ता
निघता निघेना.
जास्वंद लगेच निघाली, जिच्यावर शिंजीर
उलटा लटकून नाश्ता करायचा.
आणि काळी माती, जी उन्हाळ्यात इतकी भेगाळायची
की नातवाची गोटी एकदा आत गेली ती गेलीच,
तिच्यावर मुरूम, मुरुमावर कच,
कचीवर लाल-करडे ठोकळे, रबरी हातोड्याने
एकेकाच्या डोक्यावर थोपटत बसवलेले.
फेगडे वहिनी बघून गेल्या. "चला, चिखलाची कटकट मिटली."
पुढच्या महिन्यात त्यांनीही मिटवली.
आता जामनेर रोडच्या या गल्लीत बावीस घरं आहेत
आणि कटकट कुठेच नाही.

भुसावळचा मे कोणाला सांगायचा!
पूर्वी दिवेलागणीला अंगणात दोन बादल्या शिंपडायचो,
माती गटागटा प्यायची
आणि जरा वेळाने आपणहून गार श्वास सोडायची.
खाट टाकली की यार्डातले शंटिंगचे धक्के मोजता मोजता
डोळा लागायचा.
आता शिंपडलं की ठोकळे चर्र करतात,
तव्यावर पाणी मारून भाकरी टाकायची राहून गेल्यासारखे.
एकदा रात्री अकराला मी चपला काढून उभी राहिले.
सूर्य मावळून चार तास झालेले,
तळव्याखाली तो तसाच होता.

गाडी मात्र रुपेरी आच्छादनात.
यांच्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं,
डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं.
दिवाळीला मुलगा येतो, दोनदा बाजारात नेतो.
बाकी वर्षभर तिच्याखाली एक मांजर राहते, बिनभाड्याची.

भादव्यात एका दुपारी पाऊण तास कोसळला.
गच्चीचा पाइप सरळ ठोकळ्यांवर.
पाणी दारात थांबलं नाही, कोण घरात आहे विचारलं नाही,
गेटखालून रस्त्यावर,
बावीस घरांचं एकत्र, दुधाच्या पिशव्या आणि एक चप्पल घेऊन
उताराच्या शेवटी चिंधाबाईच्या ओट्यावर.
ती खराटा घेऊन गुडघाभर पाण्यात उभी.
"तुमनं पानी मन्हा घरमा कसाले धाडतस, बाई?"
मला उत्तर सुचलं नाही. मी तिला माझी बादली दिली.
फेब्रुवारीत तीच बादली घेऊन
आम्ही दोघी टँकरच्या रांगेत.
आमचं बोअर साडेतीनशे फुटांवरून
नुसतं खाकरतं.

कुणाचं काही लपलेलं दिसलं की आपण म्हणतो,
इथे कुठेतरी पाणी मुरतंय.
म्हणजे मुरणं हे इतकं गुपचूप चालायचं
की त्याचा संशय यायचा.
आमच्या गल्लीवर आता कोणी संशय घेऊ शकत नाही.
बरणीतल्या लोणच्याखेरीज इथे
काही मुरत नाही.

तर यंदा दसऱ्याच्या आधी गेट अडलं.
एक ठोकळा अंगठाभर वर आलेला.
शब्बीर उकिडवा बसला, हाताने चाचपून हसला.
"काळी आहे काकू. प्यायली की फुगते.
कुठेतरी पाणी मुरतंय."

पहारीने त्याने तो उचकटला.
खाली मुरूम, मुरुमाखाली ओलसर काळं,
त्यात दोऱ्याएवढं एक पांढरं मूळ.
कढीपत्त्याचं असेल, नसेलही.
मी चिमूटभर माती नाकाशी नेली.
वास आला नाही.
परत नेली.

ठोकळा अजून पायरीवर पडून आहे.
हे रोज म्हणतात, बसवून घे तो,
खड्ड्यात चाक अडकेल.

कुठलं चाक, मी विचारते,
आणि चहाचं गाळलेलं पाणी
तिथे ओतते.