दुरुस्ती : वजा तीन

बेयशेनालीला मी कधी पाहिलं नाही.
सव्वीस वर्षं, दर तीन तासांनी
त्याचा आवाज कोक-ताशच्या खिंडीतून उतरायचा
खाली नारीनमधल्या ह्या खोलीत,
जिथं तापलेल्या रेडिओवर मी मोजे वाळत घालत असे.

नमस्कार-चमत्कार नाही.
नुसते आकडे, पाच-पाचाच्या गटांनी.
एक एक दोन चार सात :
म्हणजे उणे चोवीस पूर्णांक सात.
आठ दोन सात एक चार :
आभाळ गच्च झाकलेलं, वारा पश्चिमेचा, सेकंदाला चौदा मीटर.
मग खोकला.
खोकल्याला गट नव्हता,
तो मी माझ्यापुरता लिहून घ्यायची, पेन्सिलीनं, समासात.

पारा उणे दहाच्या खाली गेला
की ओल्या फडक्याचा थर्मामीटर खोटं बोलू लागतो.
मग दमटपणा विचारायचा तो केसाला.
हो, माणसाच्याच.
पांढऱ्या झडपांच्या पेटीत, चौकटीत ताणलेला एक केस,
खाली इवलंसं वजन, बाजूला काटा.
हवा ओलावली की लांबतो, सुकली की आखडतो.

त्या जानेवारीत तो तुटला.
रात्री नवाच्या नोंदीत आकड्यांच्या जागी आलं :
रेघ, रेघ, रेघ, रेघ, रेघ.
मोजमाप नाही, हे सांगायची तीच रीत.
बाराला रेघा. तीनला रेघा. सहाला.
मी नियम मोडून विचारलं, केस मागवू का?
तो म्हणाला, गाडी मे महिन्यात चढेल.

सकाळी नऊला :
दोन नऊ शून्य सात एक.
एकाहत्तर टक्के.
कुठून आणलास?
खरखर.
खरखर.
"घरातून."

बाकीचं मला केंजेगुलनं सांगितलं
सप्टेंबरात, शाळेसाठी खाली आली तेव्हा,
बापानं दिलेली कुरुतची पिशवी माझ्या टेबलावर ठेवत.
घरात तिघंच. बापाला टक्कल.
आईचे केस मेंदीचे, ते चालत नाहीत.
म्हणून कंदिलाखाली हिची वेणी सुटली.
बाप एकेक केस उजेडाला धरून बघे :
हा कुरळा, हा टोकाला फाटलेला, हा मधेच जाड.
"मेंढरं निवडतात तसं," ती म्हणाली, "आणि मला झोप येत होती."
जो ठरला तो उपटताना
तो म्हणाला, माफ कर,
इतकं हळू, की जणू रेडिओ चालू आहे.
मग स्पिरिटमध्ये बुडवून केसाचं तेल काढलं.
उरलेलं स्पिरिट आईनं लपवलं.

मी हसले. पण बघत होते तिच्या वेणीकडंच.
सगळा हिवाळा
दिवसातून आठ वेळा
मी हिला लिहीत होते.

मधल्या मे महिन्यात निरीक्षक वर जाऊन आला होता.
मिठाच्या पाण्याच्या बरणीत केस पारखला :
पंचाहत्तरच्या जागी अठ्ठ्याहत्तर.
त्याच्या पेटीत नवे केस होते, पाकीटबंद, शिक्क्याचे.
तरी त्यानं केसाला धक्का लावला नाही.
वहीत लिहिलं, दुरुस्ती : वजा तीन,
आणि चहा पिऊन उतरला.

आता तिथं खांब आहे, सौरपट्टीचा.
दर दहा मिनिटांनी आकडे आपले आपण येतात.
चांगलं यंत्र आहे. चुकत नाही, खोकत नाही.
बेयशेनाली मुलीकडं असतो म्हणे, ओशला.
नंबर आहे माझ्याकडं.
लावून बोलणार काय?

परवा विद्यापीठातला एक पोरगा आला
जुन्या नोंदींचा आलेख काढायला.
नखाएवढ्या तुटीवर बोट ठेवून म्हणाला,
इथं काय झालं होतं?
उपकरण बिघडलं होतं, मी म्हटलं.
आणि हे बघ, ह्याच्या पुढं,
मे महिन्यापर्यंत,
प्रत्येक आकड्यातून
तीन वजा करायला विसरू नकोस.