तोंडाचं आभाळ

मातोझिन्योशच्या धक्क्यावर, सार्डिन भाजायच्या धुरात
अदेलिनो जाळं शिवत बसतो.
फारसा बोलत नाही.
गेल्या उन्हाळ्यापर्यंत तर चार माणसांत
सूपही पीत नव्हता:
कोबीची हिरवी कातरण नाकातून बाहेर यायची
आणि तो रुमालाआड हसायचा.

टाळूतली गाठ काढली, मग तीस वेळा किरणं.
गाठीच्या जागी नाण्याएवढं भोक.
त्याला प्लास्टिकचं बूच, रात्री ग्लासात ठेवायचं.
बूच काढलं की शब्द तोंडात राहत नसे,
नाकावाटे निघून जाई.
बायकोला, पिएदादला, हाक मारायचा
तर व्हायचं मिएनान.
ती त्यालाही ओ द्यायची.
याचाच त्याला राग.

दोनदा शिवलं. दोनदा उसवलं.
डॉक्टर कितेरिया म्हणाल्या,
किरणांनी करपलेलं मांस टाका धरत नाही.
याने पाटीवर लिहिलं:
कुजलेल्या गाठीला आम्ही नवा दोरा बांधत नाही,
धड घर लागेपर्यंत कापत जातो.
त्या वाचून जरा गप्प राहिल्या.
मग त्याचा डावा हात उताणा करून
मनगटापाशी नाडी चाचपू लागल्या.

तिथे पाकोळी होती.
एकोणिसाव्या वर्षी, कॉडच्या बोटीवर
पहिल्यांदा चढण्याआधी गोंदवलेली;
ती असली की माणूस घरी परततो म्हणे.
"उजवा हात घेऊ का?"
उजवा सुई धरतो. डावाच घ्या.

अकरा तास.

आता मनगटावर मांडीच्या कातडीचं ठिगळ
आणि पाकोळीची नुसती शेपटी.
बाकीची वर आहे.
त्यांच्या भाषेत टाळूला तोंडाचं आभाळ म्हणतात,
हे मला पिएदादने सांगितलं,
"बॅटरी नीट धर" म्हणता म्हणता.
कारण दर महिन्याला तिथे हाताचे केस उगवतात
आणि ते तीच कापते, नखांच्या कात्रीने,
श्वास रोखून.

मी पाहिलं. शाई फिकट निळी,
पंख थोडा चुरगळलेला, कडेला गुलाबी वळ.
"मीट आता," ती म्हणाली.

त्याने तोंड मिटलं.
जीभ वर फिरवली असावी, गाल हलला.
मग म्हणाला, प—
आणि थांबला.
हवा अडली होती. अडली, हे त्याला कळलं.
ओठांमागे ती जमू दिली त्याने,
घाई केली नाही.