आभाळाचे वेगळे

तळोधीचे दोघे आले मोटरसायकलवर,
सुताराकडून मागून आणलेला पिवळा टेप घेऊन.
"मंडईले तीन पडदे पायजेत जी.
महाल एक, जंगल एक, एक नदीकाठचा.
स्क्वेअर फुटाचा काय लावता?"

वारलू पेंटर असते तर म्हणाले असते,
"तुमी समजून द्या."
चाळीस वर्षं ते हेच म्हणाले
आणि चाळीस वर्षं लोकांनी समजून दिलं:
दोन पायल्या धान, एक छत्री,
एकदा नुसता नारळ,
एकदा स्टेजवर बोलावून शाल,
जी दुसऱ्या दिवशी मागून नेली, पुढच्या सत्काराला.
ब्रश धुताना मला सांगायचे,
"पोरी, भाव सांगतला का मानूस तुटते."
सांगायचे, आणि चष्म्याची काडी
दोऱ्यानं पुन्हा बांधायचे.

काल यांचा फोन आला तेव्हाच
वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला होता.
मांजरपाट मीटरनं. डिंक. पांढरी माती.
निळीचे डबे. वडशाला जाऊन यायचं तिकीट.
इथवर पेन चाललं.
मग त्या दुपारचं काय लावू,
वैनगंगेच्या पुलावर मी नुसती उभी होते,
पाणी कुठं हिरवं, कुठं शिशासारखं, पाहत,
आणि घरी भात करपला?
माझ्या पहिल्या महालाचे खांब वाकडे आले होते,
राजा आत येताच लोक हसले,
ते बारा वर्षांपूर्वीचं हसणं कोणत्या रकान्यात?
आई म्हणाली, "रोजी धर.
रोवणीची बाई घेते त्याच्या दुप्पट."
धरून पाहिली.
पण रोवलेली बांधी संध्याकाळी दिसते तरी.

थोरल्यानं भिंतीवरच्या जुन्या पडद्याला टेप लावला.
बारा बाय वीस.
खाली घाट, झाडं, होडी. त्याच्यावर निळा.
ओठातल्या ओठात काही गुणलं, मग हसला.
"वरचे सात फूट तं खालीच हायेत बाई.
आभाळाचे कायले पैसे?"

होडी एका तासात होते.
आभाळाला दोन रात्री जातात.
निळा सुकला की डाग उठतात,
ढग म्हणून खपवता येणार नाहीत असे.
तो ओला असतानाच खालच्या कडेला लाल शिरवायचा,
एका दमात, डावीकडून उजवीकडे.
हात थांबला की रेघ.

यातलं त्याला काही बोलले नाही.
"पंधरा हजार तिन्हीचे," म्हणाले,
"आभाळाचे दोन वेगळे."
आणि गप्प बसले.
हे गप्प बसणं वारलू पेंटरनं शिकवलं नव्हतं.
चहावर साय आली.
धाकट्यानं थोरल्याकडे पाहिलं, थोरल्यानं टेपकडे.
"बरं, तुमी समजून..." एवढं माझ्या दातांपर्यंत येऊन
चपला घालून उभं होतं.
मी दार उघडलं नाही.

टेप सुर्रकन आत गेला.
"मंग नदीत होड्या दोन टाकजा," तो म्हणाला.
इसार काढला, मोजला,
एक नोट परत खिशात ठेवली,
पुन्हा काढली.

मंडईच्या रात्री मी शेवटच्या रांगेमागं उभी, कान बांधून.
तीन वाजले असतील. तिसरा अंक.
नदीकाठी बहीण भावाची वाट पाहते, तो प्रवेश.
पडदा सुटला, लाइट लागले,
आणि माझ्यापुढची एक बाई घोंगडी सावरत
शेजारणीला म्हणाली,
"चाल वो, फटफटलं. ढोरं सोडाची हायेत."
खरंच उठली. मंडपाबाहेर गेली.
अंधारात जरा वेळ उभी राहिली असेल,
मग परत आली, कोणाकडे न पाहता बसली.

मी तळहातावर बोटानं लिहिलं, दोन हजार.
पुसलं.
पुढच्या सालचा आकडा लिहिला.