डगला

बाहेर देऱ्याचा ऑगस्ट, सेहेचाळीस अंश,
आत आम्ही मिंकच्या कोटांना अस्तर लावत बसलेलो.
डांबरगोळ्यांचा वास. एसीचं पाणी
थेंब थेंब बादलीत.

गिऱ्हाईक नसलं की कॅलेंडर निघायचं.
तीन वर्षं जुनं, पान कुणी उलटलेलंच नाही :
कोसॅकांचा पहिला सरदार,
मिशा हनुवटीखाली उतरलेल्या, मुठीत गदा.

आमचा, म्हणायचा ओरेस्त,
आमच्या चर्चमध्ये अजून त्याच्या नावाची मेणबत्ती लागते.
मालक व्हेनियामिन चष्मा पुसत :
तेव्हा तुमचा देश होता कुठे?
— तुमचा तरी?
श्चेपान, पोलंडचा दलाल, काजू खात :
घराणं आमचं. राजाच्या वहीत नोंद. बाप्तिस्मा लॅटिनमध्ये.
— मग बाटला.
— बाटला नाही, परतला.
इस्त्रीच्या वाफेतून एन्वेर, क्रिमियाचा तातार :
कोसॅक हा शब्दच आमचा आहे,
आणि त्याची आई कोण, ते कुणीच का विचारत नाही?
की सगळे मिळून एन्वेरवर.

चार वर्षं हेच.
मग एका दुपारी मालक म्हणाला, दळवीला विचारा,
याचा काय संबंध? हा खरं सांगेल.

मी इसाक दळवी, म्हसळ्याचा.
टायपिंग सेंटरवाल्याचं बोट धर्माच्या रकान्यावर अडलं होतं,
त्याने दोनदा विचारलं.
गावात विचारायला लागले ते अलीकडे.

आजोबा अंगरखे शिवत. म्हणत,
गिऱ्हाइकाला नाव विचारू नये,
बंद कुठल्या बगलेला, एवढं विचारावं.
डावीकडे तर एक, उजवीकडे तर दुसरा,
पैसे दोघांकडून आगाऊ.

स्टुलावर चढलो. चित्राला टेप लावली.
बटणं उजवीकडे वळलेली;
पण तलवारही उजव्याच कमरेला, गदा डाव्या हातात.
छापणाऱ्याने चित्रच उलटं लावलेलं
किंवा सरदार डावखुरा.
चित्रकाराने तरी त्याला कुठे पाहिलेला!

मग खांदा पाहिला.
शिवण चार बोटं दंडावर घसरलेली,
बाही अर्धी मूठ गिळून बसलेली.
म्हटलं, धर्माचं मला ठाऊक नाही.
डगला मात्र याच्या मापाचा नाही.
दुसऱ्या कुणासाठी बेतलेला,
याने नुसता अंगात चढवलाय.

कुणी बोलेना.
काजू चावायचे थांबले.
टप्. टप्.

मग श्चेपान : मारलेल्या तुर्काचा असणार.
ओरेस्त : छे, तुझ्याच राजाने दिलेला, लाच म्हणून.
एन्वेर, कॉलर दाबत : मामाचा.
आणि मालकाने चष्मा पुन्हा काढला.

मी खाली उतरलो.
बादली काठोकाठ आली होती,
आज ओतायची पाळी माझी.