दुसरी वेलांटी

तोमोया हिनोकिदानी.
पहिल्या दिवशी हे नाव मी
कंपनीतल्या पार्ट नंबरासारखं वाचलं,
तोडून तोडून, बोट ठेवून.
मग त्याचं तोम्या केलं.
आमच्या अशोकनगरात कुणाचंही होतं तसं.

अकरा सेकंदांची क्लिप.
तोम्याकडून स्वतःच्याच गोलात बॉल गेला,
आणि बाकीचे डोक्याला हात लावून उभे असताना
हा आत शिरला, जाळीतून बॉल सोडवला,
जर्सीनं पुसला
आणि मधल्या ठिपक्यापर्यंत स्वतः चालत नेऊन ठेवला.
एवढंच.
मी सातपूरला स्विच जोडते.
रिजेक्ट होऊन परत आलेला पीस
मी अस्साच पुसते, कुणी बघत नसताना.

तेव्हा त्याच्या मागे आठशे चाळीस माणसं,
त्यातली बरीचशी त्याच्याच आडनावाची.
मी लिहिलं: भारी रे तोम्या.
आणि मोबाइल चार्जिंगला लावून भाकरी टाकल्या.

सकाळपर्यंत तिकडे गोंधळ.
यंत्रानं सांगितलं होतं: वजनदार आहेस, तोम्या.
कुणाला तो टोमणा वाटला,
कुणी त्याचा किलोंचा आकडाच काढून दाखवला, अडुसष्ट.
एक आजोबा म्हणाले, त्या क्षणी बॉल जड झाला होता,
बाईंना तेच म्हणायचंय.
खरं सांगू? तेही होतंच थोडं त्यात.
शेवटी पुण्यात शिकून गेलेल्या कुण्या युमिकोनं
अर्थ फोडून सांगितला, आणि मग काय,
सहा लाख.
तोम्या दात घासताना, तोम्या नाडी बांधताना,
तोम्याच्या आईचं लोणच्याचं दुकान,
आणि सगळ्याखाली भारी, भारी, भारी.

मला आनंद व्हायला हवा होता.
झाला पण. मंगळवारपर्यंत.
मग धरणाचं पाणी सोडल्यावर
घाटावरची आपली रोजची पायरी बुडते ना,
तसं झालं. असते ती खाली,
पाय ठेवता येत नाही.

शनिवारी सातपूरला सुट्टी.
तिकडे दुपारचे दोन, आमच्याकडे साडेदहा.
मोबाइल तांब्याला टेकवून
अण्णा आणि मी मॅच लावली.
स्टेडियममध्ये चादरीएवढं कापड,
त्यावर अक्षरं कापून शिवलेली, देवनागरीत:
भारि.
माझ्या अंगावर काटा.
अण्णांनी चष्मा पुसला. बत्तीस वर्षं
मेन रोडच्या छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस.
"पहिली काढलीय. दुसरी हवी. कळव."
अण्णा, जपान आहे ते.
"मग? तिथं चालतं का असं?"

कळवलं.

पुढे त्याचा गुडघा गेला.
नवा एक आला, गोल केला की कोलांटउडी मारणारा,
आणि सीबीएसला गाडीची पाटी बदलल्यावर
माणसं पिशव्या उचलून पळतात
तशी सगळी तिकडे.
राग नाही. मी पण पळालेय कितीदा.

परवाच्या शनिवारी तोम्या बाकावर होता म्हणे,
गुडघ्याला बर्फ बांधून.
कॅमेऱ्यानं त्याला दाखवलंच नाही.
फक्त एका थ्रो-इनच्या वेळी
मागून तेच कापड सरकलं.
डावीकडची वेलांटी उसवून
उजवीकडे शिवलेली,
जुन्या टाक्यांची भोकं तशीच,
नवा दोरा जरा वेगळ्या निळ्याचा.

"मागे घे, मागे घे," अण्णा म्हणाले.
लाइव्ह आहे, अण्णा.
"शिरोरेषेला नीट टेकलीय का?"
टेकलीय, मी म्हटलं.
मला तेवढं दिसलं नव्हतं.